साथ दाराशी येते तेव्हा

मैत्रिणींनो, दुपारची आवराआवर झाली की हातात घ्यायला आज एक कादंबरी सुचवते. पण आधीच सांगून ठेवते, हिच्यासाठी धीर धरावा लागेल!

तिचं नाव ‘द लास्ट मॅन’, म्हणजे ‘शेवटचा माणूस’. लेखिका मेरी शेली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी तीच ही. पुस्तक निघालं १८२६ साली, तीन भागांत. गोष्ट मात्र एकविसाव्या शतकाच्या अखेरची. प्लेगची साथ देशामागून देश ओस पाडत जाते. राजा-रंक कुणाचीच गय करत नाही. शेवटी २१०० साली लायोनेल हा एकटाच उरतो.

आता खोट सांगते. पहिल्या भागात साथीचा पत्ताच नाही! इंग्लंडचा कारभार कुणी पाहायचा, कुणाचं मन कुणावर जडलं, आणि वर पानंच्या पानं भाषणं. पाहुणे पाटावर बसलेत आणि चूल अजून पेटायचीच आहे, असं वाटतं. इंग्रजीही जुन्या वळणाचं. माझं ऐकाल तर लायोनेल, त्याची बायको इड्रिस, मेव्हणे एड्रियन आणि रेमंड एवढी माणसं ध्यानात ठेवा आणि हा भाग भरभर उरका.

दुसऱ्या भागात मात्र पुस्तक मनाची पकड घेतं. साथ दूर आहे तोवर लोक निर्धास्त असतात; मग ती जवळ येते. इड्रिसची नजर मुलांवरून हटत नाही. ही धास्ती नुसत्या कल्पनेतली नव्हे. मेरीची तीन मुलं लहानपणीच गेली होती आणि १८२२ साली नवरा समुद्रात बुडाला होता. पुढे पॅरिसमध्ये एक भोंदू भेटतो. माझ्या मागे या, तुम्हाला प्लेग शिवणार नाही, म्हणतो. बाळ वाचावं म्हणून ज्यूलिएट नावाची एक आई त्याच्या कळपात जाते. तिला नावं ठेवायला माझी तरी जीभ रेटली नाही.

कारण मला १९९४ चा सप्टेंबर आठवला. सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं बाहेर पडली. आपलं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. सुरत-भुसावळ लाइनवरचं आपलं स्टेशन, आणि घरटी कुणी ना कुणी सुरतेला. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे धावपळ.

माझी धाकटी जाऊ अशीच तान्ह्याला कडेवर घेऊन आली. मी तिला ओट्यावरच बसवलं. पाणी वेगळ्या पेल्यात दिलं. तिनं ते प्यायलं, पेला स्वतःच घासला आणि पालथा घातला. बोलली काहीच नाही. मीही नाही.

काळजी घेतली ती चूक नव्हती, बायांनो. हा प्लेग खोकल्यातून पसरतो, आणि घरात माझीही मुलं होती. वेळेवर औषध मिळालं तर तो बरा होतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक! पण “कशी आलीस गं? बाळ जेवलं का?” एवढं विचारायला काय लागत होतं? त्यानं काही साथ लागली नसती.

कादंबरीचा तिसरा भाग पुन्हा रेंगाळतो. तेच तेच शोक, तीच वाटचाल. तरी सोडू नका. शेवटी रोमच्या रिकाम्या रस्त्यांतून लायोनेल हिंडतो. राजवाडे सगळे उघडे, हवं ते घ्यावं. पण बोलायला माणूस नाही. सोबतीला एक कुत्रा तेवढा.

पुस्तक मिटलं आणि जाऊला फोन लावला. इतक्या वर्षांनी त्या पेल्याचं बोलले. ती म्हणाली, “वहिनी, मीही तेच केलं असतं.” आणि मग तासभर आम्ही दोघी बोलत बसलो.