जुन्या टर्नटेबलचे पुनरुज्जीवन

दीर्घकाळ वापराविना पडून राहिलेले किंवा झिजलेले टर्नटेबल (ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे विद्युत यंत्र) तपासून, स्वच्छ करून आणि आवश्यक तेवढेच भाग बदलून ते पुन्हा वादनक्षम करणे, याला टर्नटेबलचे पुनरुज्जीवन असे म्हणतात. हे काम नीट झाले की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते. ध्वनिमुद्रिका नेमक्या वेगाने आणि यंत्राची घरघर न मिसळता फिरली पाहिजे. तसेच सुई योग्य आकाराची असून योग्य भाराने खाचेत टेकली पाहिजे. वेग चुकल्यास गाण्याची पट्टी बदलते आणि वेग सुधारला की हा दोष दूर होतो. सुई चुकल्यास मात्र ध्वनिमुद्रिकेची खाचच झिजते आणि ही हानी भरून काढता येत नाही. त्यामुळे या कामात बाह्य झिलईपेक्षा या दोन बाबींना अधिक महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीवर आधारित ग्रामोफोनचे एकस्व मिळवले. भारतात फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. त्यानंतरच्या काळात बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर अशा कलावंतांचे गायन मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या मिश्रणाने बनलेल्या ध्वनिमुद्रिकांवर घरोघरी पोहोचले. दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे.

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, व्हिनाइलची दीर्घ वादनाची ध्वनिमुद्रिका (एलपी) बाजारात आणली. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरची ४५ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका आली. पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे युग यानंतर लवकरच ओसरले. भारतात मात्र त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाची काही गाणीही येथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाली. परिणामी भारतातील जुन्या घरगुती संग्रहांत लाखेच्या आणि व्हिनाइलच्या ध्वनिमुद्रिका अनेकदा शेजारी शेजारी आढळतात.

रचना व प्रकार

टर्नटेबलमध्ये मोटर, फिरणारी थाळी, थाळीचा आस पेलणारे बेअरिंग, टोनआर्म (सुई धरणारा दांडा), कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारा भाग) आणि या सर्वांना आधार देणारे खोके असे प्रमुख भाग असतात. मोटरची गती थाळीपर्यंत कशी पोहोचते, यावरून तीन मुख्य प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात मोटरच्या दट्ट्याला आणि थाळीच्या आतल्या कडेला टेकलेले रबरी चाक थाळी फिरवते. या चाकाला आयडलर म्हणतात. इंग्लंडमधील स्विंडन येथील गॅरार्ड कंपनीचे ३०१ हे यंत्र या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दुसऱ्या प्रकारात रबरी पट्टा हेच काम करतो. एडगर व्हिल्चर यांनी घडवलेल्या, १९६१ च्या एआर एक्सए या यंत्रात पट्टा आणि स्प्रिंगांवर तोललेला सांगाडा यांचा मेळ होता. स्वित्झर्लंडमधील थोरेन्स कंपनीच्या टीडी १२४ या १९५७ च्या यंत्रात पट्टा आणि आयडलर दोन्ही आहेत. तिसऱ्या प्रकारात थाळी थेट मोटरवरच बसते. जपानमधील टेक्निक्सचे एसपी-१० (१९७०) आणि एसएल-१२०० (१९७२) ही या प्रकारातील महत्त्वाची यंत्रे होत.

यंत्राची निवड

ज्या संग्रहात लाखेच्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्यासाठी ७८ फेऱ्यांची सोय असलेले यंत्र लागते. गॅरार्ड ३०१ व थोरेन्स टीडी १२४ यांत ती आहे. एआर एक्सएमध्ये नाही.

परदेशातून आलेल्या यंत्राबाबत विद्युत पुरवठ्याचाही विचार करावा लागतो. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची, तर अमेरिकेत साधारण १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर लावल्याने व्होल्टचा प्रश्न सुटतो, परंतु वारंवारता बदलत नाही. जुन्या यंत्रांतील अनेक मोटरींचा वेग वारंवारतेवर अवलंबून असल्यामुळे अमेरिकेसाठी बनवलेले असे यंत्र भारतात सुमारे पाच-षष्ठांश वेगाने फिरते. ३३⅓ फेऱ्यांऐवजी ते २७.८ फेरेच घेते आणि गाणे तीन अर्धस्वरांहून अधिक खाली उतरते. यावर उपाय म्हणून ५० हर्ट्झसाठीचा मोठ्या व्यासाचा दट्ट्या बसवला जातो.

यांत्रिक दुरुस्ती

सुटे भाग करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे आणि स्क्रू, वॉशर क्रमाने ठेवणे हितावह असते. यंत्र वाहून नेताना थाळी, कार्ट्रिज व टोनआर्मचे वजन काढून ठेवावे लागते, अन्यथा बेअरिंगला व सुईला धक्का बसतो.

थाळीच्या बेअरिंगमधील वंगण कालांतराने घट्ट होऊन गोंदासारखे चिकटते. ते पूर्णपणे पुसून काढून आस व त्याखालची पोलादी गोळी तपासली जाते आणि मूळ निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचेच वंगण भरले जाते. गॅरार्ड ३०१ च्या आरंभीच्या यंत्रांत ग्रीसचे, तर नंतरच्या यंत्रांत तेलाचे बेअरिंग आहे. दोहोंची अदलाबदल करता येत नाही. मोटरच्या सच्छिद्र कांस्याच्या बुशांना हलके खनिज तेल लागते. खोबरेल तेल थंडीत गोठते आणि इतर खाद्यतेले हवेने चिकट होतात, म्हणून ती वापरली जात नाहीत. गंज सोडवण्यासाठी फवारले जाणारे द्रव्यही लवकर उडून जाते आणि बुश कोरडे पडते.

रबरी भाग सर्वांत आधी निकामी होतात. यंत्र चालू स्थितीच्या खटक्यावर ठेवून वीज बंद केली, तर आयडलर दट्ट्यावर दाबलेला राहतो आणि त्याच्या कडेवर खळगा पडतो. पुढे प्रत्येक फेऱ्याला हा खळगा ठोका देतो आणि तो ध्वनिवर्धकातून धपधप असा ऐकू येतो. किरकोळ खळगा चाक फिरवून समतल घासल्याने जातो. कडक झालेले रबर मात्र बदलावेच लागते. पट्टा सैल झाला असल्यास थाळी उशिरा वेग घेते आणि लांबवलेला स्वर थरथरतो. आयडलर, पट्टा, दट्ट्या आणि थाळीची कड यांवर तेलाचा थेंबही राहू नये, कारण त्यामुळे चाक व पट्टा घसरतात.

विद्युत सुरक्षितता

जुन्या वायरीचे आवरण ठिसूळ झालेले असते. खटक्याला जोडलेला कागदी कपॅसिटर झिरपू लागतो. त्याच्या जागी मुख्य विद्युत पुरवठ्यासाठी प्रमाणित केलेला सुरक्षा कपॅसिटर बसवला जातो. धातूचा सांगाडा असलेल्या यंत्रासाठी तीन पिनांची वायर व अर्थिंग आवश्यक असते. मोटरच्या वेटोळ्यांचे आवरण तपासल्याशिवाय यंत्र विजेला जोडणे धोक्याचे असल्याने हा भाग जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घेणे योग्य ठरते.

वेग आणि सूर

वेग तपासण्यासाठी स्ट्रोबोस्कोप चकती वापरतात. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लखलखतो. ३३⅓ फेऱ्यांसाठी चकतीवर १८० रेघा असतात; वेग बरोबर असल्यास त्या स्थिर दिसतात, वेग अधिक असल्यास पुढे व कमी असल्यास मागे सरकतात. ७८ फेऱ्यांसाठी ७७ रेघा असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेग ७७.९२ इतका येतो. अनेक एलईडी दिवे अशा रीतीने लखलखत नाहीत. त्यांच्या प्रकाशात ही चाचणी फसते. चाचणी सुई टेकवलेल्या अवस्थेत करावी लागते, कारण सुईच्या घर्षणाने वेग किंचित घटतो. गॅरार्ड ३०१ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमधून फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर निर्माण होणाऱ्या प्रवाहांचा ब्रेकसारखा उपयोग करून वेग सूक्ष्मपणे जुळवता येतो.

भारतीय संगीताच्या श्रोत्याला या जुळवणीची विशेष गरज असते. आरंभीच्या काळातील ‘७८ फेऱ्यांच्या’ ध्वनिमुद्रिका प्रत्यक्षात नेहमी ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या नाहीत. त्यांचे वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत आढळतात. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो. ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित झालेले, पांढरी एक या पट्टीतील गायन ७८ फेऱ्यांवर वाजवले, तर ते काळी एकमध्ये ऐकू येते. शिवाय लय वाढते, आवाज पातळ होतो आणि तानांचा वेग गायकाच्या मूळ वेगापेक्षा अधिक भासतो. साथीच्या संवादिनीच्या स्वरावरून मूळ वेगाचा अंदाज बांधतात. अशा ध्वनिमुद्रिकेची संगणकीय प्रत चुकीच्या वेगाने केली गेली, तर पुढील श्रोते त्या चुकीलाच गायकाचा आवाज समजतात.

योग्य वेगाचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण अंतराळातील आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका असून तीत केसरबाई केरकर यांनी गायलेल्या भैरवीचा समावेश आहे. ही ध्वनिमुद्रिका मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची आहे. तिच्या वेष्टनावर सुईची योग्य जागा आणि एका फेऱ्याचा ३.६ सेकंदांचा अवधी चिन्हांकित केलेला आहे.

टोनआर्म, कार्ट्रिज व सुई

टोनआर्मचे बेअरिंग अडखळता कामा नये. खोके पाणसळीने समतल करून, टोनआर्म मागील वजनाने तोलून आणि मग निर्मात्याने सांगितलेला भार लहान वजनकाट्यावर मोजून ठरवला जातो. एलपीसाठीच्या बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजांना १ ते ३ ग्रॅम भार लागतो. भार वाजवीपेक्षा कमी असला तरी अपाय होतोच, कारण सुई खाचेत उसळून तिच्या भिंती खरवडते.

एलपीच्या खाचेसाठी सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची, तर ७८ फेऱ्यांच्या रुंद खाचेसाठी साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई लाखेच्या ध्वनिमुद्रिकेवर खाचेच्या तळाशी घसटते आणि खरखर वाढवते. याउलट जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई व शंभर ग्रॅमहून जड ध्वनिपेटी व्हिनाइलची खाच एका वादनातच खराब करते. लाखेच्या मिश्रणात दगडाची पूड असे. तिच्यावर घासून पोलादी सुई खाचेच्या आकाराची होई आणि म्हणून ती दर वादनानंतर बदलत. हिऱ्याची सुई पुष्कळ काळ टिकते, मात्र तीही झिजते. जुन्या यंत्राबरोबर आलेल्या सुईचा इतिहास माहीत नसल्यास ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात किंवा सरळ बदलतात.

प्रवर्धन

चुंबकीय कार्ट्रिजचा संकेत काही मिलिव्होल्टच असतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र फोनो प्रवर्धक लागतो. एलपी मुद्रित करताना खालचे स्वर दाबलेले व वरचे उचललेले असतात. हे प्रमाण १९५० च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए आलेखानुसार ठरते आणि फोनो प्रवर्धक ते उलटे करून समतोल साधतो. लाखेच्या ध्वनिमुद्रिकांना हा आलेख लागू पडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जुळवणी असलेला प्रवर्धक श्रेयस्कर असतो. या ध्वनिमुद्रिका एकमार्गी असल्याने स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन्ही मार्ग एकत्र जोडल्यास खाचेतील उभ्या दिशेची खरखर परस्परांत विरून जाते.

ध्वनिमुद्रिकांची निगा

कोकणासारख्या दमट हवेत ध्वनिमुद्रिकांवर बुरशी धरते आणि धूळ खाचेत रुतते. व्हिनाइलसाठी शुद्ध केलेले पाणी, अत्यल्प सौम्य साबण व मऊ ब्रश पुरेसा असतो. लाखेच्या ध्वनिमुद्रिकेवर अल्कोहोलयुक्त द्रव्य कधीही वापरत नाहीत, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पाण्याचा वापरही थोडका करून ती लगेच कोरडी केली जाते. ध्वनिमुद्रिका उष्णतेपासून दूर, उभ्या ठेवतात. तिरक्या ठेवल्यास व्हिनाइल वाकते आणि लाखेच्या तबकड्या दाबाने तडकतात.

मूळ स्वरूप आणि वापर

पुनरुज्जीवनात किती बदल करावा, याबाबत संग्राहकांत मतभेद आहेत. काहींच्या मते मूळ रंग, खटके व टोनआर्म जपणे आवश्यक आहे. काही जण वापराच्या दृष्टीने नवे खोके, नवा टोनआर्म व नवे बेअरिंग बसवणे योग्य मानतात. दोन्ही बाजूंना मान्य होणारा मध्यममार्ग असा की, बदल पूर्ववत करता येईल असा असावा आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवावा.

दुरुस्त यंत्रावर प्रथम कमी मोलाची ध्वनिमुद्रिका वाजवून पाहण्याचा प्रघात आहे. घरघर, थरथर किंवा खरखर उरली नाही याची खात्री झाल्यावरच संग्रहातील दुर्मीळ तबकडी वाजवली जाते. एखाद्या गायनाची उपलब्ध असलेली एकमेव चांगली प्रत एखाद्या घरच्या कपाटातलीच असू शकते. प्रत्येक वादनाने ती थोडी झिजत असते. म्हणून अनेक संग्राहक नीट जुळवलेल्या यंत्रावर तिची संगणकीय प्रत करून घेतात, मूळ तबकडीची कंपनी, क्रमांक व वादनाचा वेग यांची नोंद ठेवतात आणि मूळ तबकडीचे वादन मोजक्या प्रसंगांपुरते राखून ठेवतात.