उपग्रहचित्रातील आकडे आणि भाताची खाचरे

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे गाव हल्ली गोदामांसाठी ओळखले जाते. अशा गावात पत्र्याचे छप्पर कोठे संपते आणि भाताचे खाचर कोठे सुरू होते, हे उपग्रहावरून ठरवावयाचे झाल्यास नुसते चित्र पाहून भागत नाही. त्या चित्रामागील आकडे वाचावे लागतात. हे आकडे कसे नोंदले व साठविले जातात, याची माहिती पीकपाहणीशी संबंध येणाऱ्या प्रत्येकास असावयास हवी.

उपग्रह जमिनीचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकावरून परत येणारा प्रकाश निरनिराळ्या पट्ट्यांत मोजतो. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये सोडण्यात आला. तो १३ पट्ट्यांत मोजणी करतो आणि त्यांपैकी निळा, हिरवा, तांबडा व निकट अवरक्त या चार पट्ट्यांत चौकोनाची बाजू १० मीटर असते. म्हणजे क्षेत्र १०० चौरस मीटर झाले. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा. एका एकराचे सुमारे ४० चौकोन होतात, हा योगायोग शेतकऱ्याच्या सोयीचाच म्हणावयाचा. भारताने २०११ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ वरील लिस-३ यंत्राचा चौकोन २३.५ मीटरांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठ्यांचा होय. त्यात बांध, छप्पर आणि खाचर एकत्र आले की जो आकडा मिळतो तो तिघांचीही सरमिसळ असतो.

मोजलेला प्रकाश ठराविक पायऱ्यांत बसविला जातो. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आय. आर. एस. १-ए या उपग्रहाच्या नोंदीत ७ बिट, म्हणजे १२८ पायऱ्या होत्या. सेंटिनेल-२ च्या नोंदीत १२ बिट, म्हणजे ४०९६ आहेत. पायऱ्या थोड्या असल्या की विरळ आणि दाट पीक एकाच पायरीवर जाऊन बसण्याचा संभव वाढतो.

आता मांडणीचा प्रश्न. गोदामात चार जातींचे धान्य आले तर एका जातीची सर्व पोती लावून मग दुसरीची थप्पी लावता येते; किंवा प्रत्येक ओळीत आधी पहिली जात, मग दुसरी, असे लावता येते; अथवा चार जातींचे एकेक पोते शेजारी शेजारी ठेवता येते. पट्ट्यांचे आकडेही याच तीन रीतींनी साठवितात. एकाच पट्ट्याचे चित्र हवे असल्यास पहिली रीत सोयीची, एका चौकोनाचे सर्व पट्टे एकदम हवे असल्यास तिसरी. सेंटिनेल-२ मध्ये प्रत्येक पट्ट्याची फाइलच वेगळी असते. तिच्या एका तुकड्यात १० मीटरच्या पट्ट्याचे १०९८० गुणिले १०९८० चौकोन असतात. प्रत्येकी दोन बाइट धरल्यास एका पट्ट्यालाच सुमारे २४ कोटी बाइट लागतात. म्हणून ती दाबून लहान करतात, पण उघडल्यावर प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत मिळावा अशा बेताने. मोबाइलवर पाठविलेल्या छायाचित्रात ही काळजी घेतलेली नसते. त्यावरून पिकाचे मोजमाप करू नये.

मांडणी चुकीची वाचली तर चित्र विस्कटते आणि चूक तत्काळ दिसते. पट्ट्यांची अदलाबदल अधिक घातक, कारण चित्र नीटनेटकेच राहते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व निकट अवरक्त पुष्कळसा परतवते. समजा, एका खाचराचे तांबडे परावर्तन ०.०४ व अवरक्त ०.३६ आहे. दोहोंतील फरकाला बेरजेने भागल्यास ०.८० येते, पीक जोमदार. पट्टे उलटे धरले तर उणे ०.८० येते आणि उभे भात पाणी ठरते.

याहून सूक्ष्म घोटाळा मूळ आकड्यांचा आहे. सेंटिनेल-२ च्या फाइलीत परावर्तनाची १०,००० पट साठवितात आणि जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत त्यात १,००० मिळवितात. वरील खाचराचे आकडे त्यामुळे १४०० व ४६०० असे दिसतात. हजार वजा न करता हिशेब केला, तर उत्तर ०.५३ येते आणि चांगले पीक मध्यम ठरते. २०२१ च्या खरिपाशी २०२२ ची तुलना अशा रीतीने केल्यास पूर्ण्याचे भात एका वर्षात खालावले, असा निष्कर्ष निघेल. खाचरात मात्र काहीच बदललेले नसेल. जुनी चित्रेही पुढे नव्या पद्धतीने पुन्हा तयार करण्यात आली असल्याने चित्राची तारीख पाहणे पुरेसे नाही. सोबतच्या माहिती-फाइलीत प्रक्रियेची आवृत्ती आणि मिळविलेली रक्कम नमूद असते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही वर्षांच्या फाइलींतील ती नोंद ताडून पाहावी.