काचेच्या कपाटातील आगगाडी

पेटीतून कधीच बाहेर न काढलेल्या आगगाडीला बाजारात अधिक किंमत येते, हे खेळण्यांच्या संग्राहकांचे सर्वमान्य गणित आहे. व्यापारी घरात ते चटकन पटते. परदेशवारीतून आणलेले इंजिन आणि चार डबे दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जातात, किल्ली वडीलधाऱ्यांकडे राहते आणि नातवंडांना काचेला नाक लावून पाहण्यापुरती मुभा मिळते. वस्तू जपली गेली, असे सर्वांना वाटते.

इंजिनाला मात्र हे गणित मानवत नाही. वर्षानुवर्षे न फिरलेल्या मोटारीतील तेल घट्ट होते, दंतचक्रे जखडतात, आणि एके दिवशी हौसेने वीज जोडली तर नुसती घरघर ऐकू येते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव खेळण्यांची गत तर याहून वाईट झाली. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहून गेल्यामुळे ती आतून भेगाळत गेली आणि पेटीला हातही न लावता पेटीतच त्यांचा चुरा झाला. परिग्रहाला मर्यादा घालण्याचा विचार ज्या घरांत लहानपणापासून कानांवर पडतो, तेथे हे उदाहरण निराळ्या अर्थानेही समजेल.

मुळात हे खेळणे एकट्या वस्तूचे नव्हेच. जर्मनीतील म्यॅर्कलिन ही पेढी 1859 पासून बाहुलीघराची पत्र्याची भांडीकुंडी करीत असे. बाहुलीचे स्वयंपाकघर एकदा घेतले की पुढच्या सणाला त्यात एखादे भांडे वाढवावेसे वाटते, हे तिच्या चालकांनी ओळखले होते. तीच युक्ती त्यांनी 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आगगाडीला लावली. किल्लीची गाडी आणि ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ त्यांनी मांडले. आज एक वर्तुळ, उद्या एक सांधा, परवा एक फलाट. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दुकानात येत राहिले, हा धंद्याचा भाग झाला. त्याच युक्तीमुळे भावाच्या रुळाला बहिणीचा आणि शेजारच्या मुलाच्या रुळाला आपला रूळ जुळू लागला, हा घराचा लाभ.

या जुळण्याची परमावधी अमेरिकेतील जॉन ॲलन यांच्या घरी दिसली. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे राहणारे हे छायाचित्रकार. त्यांच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे होते आणि त्यांतून ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची त्यांची काल्पनिक रेल्वे धावत असे. इंग्रजीत या नावाचा उच्चार ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा ऐकू येतो. गृहस्थ विनोदी होते. त्यांच्या यार्डात डबे ओढायला इंजिनांच्या जोडीला एम्मा नावाची एक प्रागैतिहासिक काळातील डायनोसॉरही कामाला होती! पण थट्टा नावांपुरती. मित्रांची मंडळी जमली की प्रत्येकाला काम वाटून दिले जाई आणि मग सारी रेल्वे वेळापत्रकाने चाले. ॲलन उत्कृष्ट छायाचित्रे काढीत आणि ती छंदाच्या मासिकांतून प्रसिद्ध होत. त्यामुळे ज्यांनी ते तळघर कधी पाहिले नाही, अशा हजारो लोकांच्या ते ओळखीचे झाले.

6 जानेवारी 1973 रोजी ॲलन यांचे निधन झाले. त्यानंतर दहाच दिवसांच्या सुमारास त्यांच्या घराला आग लागली आणि जवळपास पाव शतकाचे काम जळून गेले. कोणत्याही संग्राहकाने ज्याची धास्ती घ्यावी तसेच घडले. तरीही ही रेल्वे आज जगातील छंदी लोकांना पाठ आहे, कारण ती चालवणारे मित्र होते, छायाचित्रे होती, आणि मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी लिहिलेले पुस्तक 1981 मध्ये निघाले. मोजक्या सांध्यांवर डब्यांची अदलाबदल कमीत कमी हालचालींत करण्याचे ॲलन यांनी रचलेले ‘टाइमसेव्हर’ हे कोडेही आज जगभर खेळले जाते. कुलूपबंद तळघरात हेच सारे असते, तर आगीनंतर राखेखेरीज काही उरले नसते.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते आपला हलवता येणारा मांडणीपट प्रदर्शनांत नेऊन दाखवीत. नंतर एका मोठ्या खोलीत कायमचे गाव वसले. त्यात सिग्नल आहेत, उड्डाणपूल आहेत, डोंगरावर चढणारी गाडी आहे. खेळ सुरू असताना दिवे मंदावतात, खोलीत रात्र होते आणि खिडक्या उजळलेल्या गाड्या धावू लागतात. हा क्षण पाहताना मुलांपेक्षा त्यांचे आजोबाच अधिक गप्प होतात, असे तेथे गेलेल्या कोणालाही दिसेल. घरच्या छंदाला तिकीटखिडकी लागली, याला काही जण व्यवहार म्हणतील. पण वीज, जागा, दुरुस्ती यांचा खर्च कोठून तरी निघायला हवा. ज्या छंदाचा जमाखर्च जुळतो तो पुढच्या पिढीवर ओझे होत नाही.

सगळ्यांना अशी खोली काढता येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. या छंदात मुख्यतः दोन मापे चालतात. 1935 च्या सुमारास रूढ होऊ लागलेले ‘एचओ’ माप म्हणजे मूळ वस्तूचा 87 वा भाग, आणि त्याहून लहान ‘एन’ म्हणजे साधारण 160 वा भाग. एन मापातील साधे लंबवर्तुळ चार फूट बाय दोन फूट प्लायवूडवर मावते आणि पाहुणे आले की पलंगाखाली सरकवता येते. एचओला किमान तीन फूट रुंदी हवी. मधल्या कोणत्याही सांध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे, एवढे पथ्य सुरुवातीपासून पाळावे. हात न पोहोचणाऱ्या ठिकाणीच डबा घसरतो, हा या छंदाचा ठरलेला नियम आहे.

येथे एक गंमत आहे. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोपच्या रेल्वेवरून घेतले आहेत. आपला ब्रॉडगेज मार्ग 1676 मिलिमीटरचा. त्याचा 87 वा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, म्हणून बाजारातील रुळांवर भारतीय गाडी पायापाशी जरा अरुंदच दिसते. पण 762 मिलिमीटरच्या नॅरोगेजला 87 ने भागले, तर पावणेनऊच्या आसपास उत्तर येते, आणि एन मापाचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात. म्हणजे जी गाडी घरच्या पाटावर जवळजवळ बिनचूक उतरते, ती बार्शी लाइट रेल्वे!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची ही रेल्वे 1897 मध्ये आताच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, या हिशेबाने तिचे हलके रूळ, डबे आणि इंजिने आखली होती. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती छोटी गाडी गेली. लातूर, बार्शी, सांगली या बाजारपेठांतील कित्येक पेढ्यांचे धान्य आणि कापूस तिने वाहिला होता. त्या गाडीने प्रवास केलेली माणसे अजून घरोघर आहेत. फलाट कोणत्या बाजूला होता, गोदाम कोठे, पाण्याची टाकी कोठे, हे त्यांनाच विचारावे लागेल. बोलायला फारसे न बसणारे आजोबा असा पाट पुढे ठेवला की तासभर उठत नाहीत.

गाडी नुसती गोल फिरत राहिली, तर मात्र पाहणारा दहा मिनिटांत कंटाळतो. त्यावर अमेरिकेतील छंदींनी काढलेला उपाय आपल्या घरांना नवा नाही: बिल्टी. प्रत्येक वाघिणीसाठी एक चिठ्ठी करायची. कोठून, कोठे, कोणता माल, कोणाच्या नावे. एक मूल स्टेशनमास्तर, एक सांधेवाला, एक चालक. कुर्डुवाडीत तर खरे काम आहे, कारण तेथे नॅरोगेजचा माल उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणींत भरावा लागे. पाटावर दोन्ही रूळ शेजारी शेजारी टाकले की तूरडाळीचे पोते म्हणून ठेवलेला सुतळीचा तुकडा चिमट्याने इकडून तिकडे न्यायला मुलांची झुंबड उडते. भांडणेही होतात. वाघीण चुकीच्या स्टेशनात गेली, तर नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा वाद आठ वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांचा व्यापारी सारख्याच तावातावाने घालतात.

देखभाल फार नाही. पावसाळ्यात रुळांवर ओल आणि काजळी धरते. स्वच्छ सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसावेत, पाटावर जुनी चादर घालावी आणि इंजिन महिन्यातून एकदा तरी थोडा वेळ दोन्ही दिशांना चालवावे. एखादा डबा पडेल, एखादी कडी तुटेल. कपाटातील दुर्मीळ इंजिन लगेच मुलांच्या हाती द्यावे, असे नाही. त्यांच्यासाठी साधे, दणकट इंजिन वेगळे ठेवावे. आजोबांचे इंजिन महिन्यातून एका रविवारी स्वतः आजोबांनी सोडावे, आणि त्या वेळी सांधेवाल्याची जागा सर्वांत लहान नातवंडाकडे असावी.