पाण्याची चाल आणि माशाचे ठाणे

मासेमारीस निघालेला नवखा मनुष्य नदीकाठी पोहोचताच गळ टाकतो. मुरलेला कोळी मात्र प्रथम घटकाभर उभा राहून नदी न्याहाळतो. मासा डोळ्यांस दिसत नसला, तरी तो कोठे असावा हे काठ, झाडे, पक्षी आणि पाण्याची चाल त्यास सांगत असतात.

या विद्येचे तत्त्व सोपे आहे. माशास तीन गोष्टी लागतात: पाण्यात विरघळलेला प्राणवायू, पोटापुरते अन्न आणि प्रवाहापासून व शत्रूपासून आडोसा. ही तिन्ही जेथे अल्प श्रमात लाभतात, तेथेच तो ठाण मांडतो.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्याच्या वरच्या अंगास खडकाळ पात्रातून वाहते. पाणी दगडांवर आपटून फेसाळते, तेव्हा त्यात हवा मिसळते. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. महासीर हा अशाच पाण्याचा मासा. तो खडकाआडच्या संथ पाण्यात, धारेस लागून उभा राहतो. धार अन्न आणून देते व खडक श्रम वाचवितो. पुढे कऱ्हाडास कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. अशा संगमाखाली वेगवान व संथ पाण्याच्या सांध्यावर पुष्कळदा फेसाची रेघ उमटते. वाहत आलेले किडे व फळे त्याच रेघेत गोळा होतात, आणि त्यांच्यामागे मासे येतात.

सांगलीकडे नदी सपाटीवर येऊन वळणे घेते. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाह आदळून काठ खरवडतो व तेथे डोह पडतो. आतल्या अंगास वाळू साचते. म्हणून उभ्या दरडीखाली बहुधा खोल पाणी समजावे. उन्हाळ्यात पात्र रोडावले म्हणजे मासे या डोहांचाच आश्रय करतात. काठचा उंबर किंवा जांभूळ पाण्यावर झुकलेला असेल, तर सावली, मुळांचा आडोसा आणि गळणारी फळे असा तिहेरी लाभ त्यांस होतो. खंड्या उथळ पाण्यातील लहान मासळीची साक्ष देतो. पाणकावळे एके ठिकाणी वारंवार बुड्या मारू लागले, तर खाली थवा आहे असे जाणावे.

परंतु प्रत्येक खूण शुभ नसते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तर नवख्यास आनंद होतो. जाणत्याच्या काळजात मात्र धस्स होते. रात्री पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट तो वापरतात. त्यात सांडपाण्याची कुजण मिसळली, म्हणजे पहाटेस माशांचा श्वास कोंडतो. मरळ पाण्यावर येऊन हवा घेऊ शकते म्हणून तगते. इतर बहुतेकांची ती सोय नसते. २०२३ साली सांगलीजवळ कृष्णेत असंख्य मासे मरून वर आले, तेव्हा साऱ्या गावास ही खूण कळली. पण फार उशिरा.

गळ कोठे टाकावा हे ज्यास कळते, त्यास तो केव्हा आवरावा हेही कळले पाहिजे. पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर निघालेले चढणीचे मासे पकडणे सर्वांत सोपे, आणि नदीस सर्वांत महाग. ते जाऊ द्यावेत. पुढल्या उन्हाळ्यात डोह भरलेला राहील तो त्यांच्याच जिवावर.