औषधाचा त्रास कळवायचा कोणी?

रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू होते, काही दिवसांनी कोरडी ढास लागते आणि घरात खोकल्याची बाटली येते. ढास त्या गोळीचीच असेल, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

गैरसमज : औषध मंजूर झालं, म्हणजे त्याचे सगळे दुष्परिणाम ठाऊक असतात.
वस्तुस्थिती : मंजुरीआधीच्या चाचण्या बहुधा काहीशे ते काही हजार लोकांवर होतात. दहा हजारांत एखाद्याला होणारा त्रास तिथे सहज निसटतो. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड काही नवं नाही. तरीही त्यामुळे होऊ शकणाऱ्या 'ड्रेस सिंड्रोम' या गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली. तिच्यामागे देशभरातून आलेल्या नोंदी होत्या.

गैरसमज : रिअ‍ॅक्शन यायची तर लगेच येते.
वस्तुस्थिती : ड्रेसमधला ताप, पुरळ आणि गाठींची सूज साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. रामिप्रिलचा खोकला कधी कधी काही महिन्यांनीही सुरू होतो.

गैरसमज : खात्री असेल तरच, आणि तेही डॉक्टरांनीच कळवायचं.
वस्तुस्थिती : संशय पुरेसा आहे, औषधाचा संबंध किती, हे तज्ज्ञ ठरवतात. रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. गाझियाबादच्या याच औषधसंहिता आयोगाकडून चालणाऱ्या दुष्परिणाम-नोंदणी कार्यक्रमाचा अर्ज मराठीतही आहे, आणि अनेक मेडिकल कॉलेजांत नोंदणी केंद्रं आहेत. रुग्णाची ओळख गुप्त राहते.

गैरसमज : कळवणं म्हणजे डॉक्टरांविरुद्ध तक्रार.
वस्तुस्थिती : योग्य औषध योग्य मात्रेत दिलं तरी त्रास होऊ शकतो. या नोंदीतून कुणाचा दोष ठरत नाही.

गैरसमज : त्रास वाटला की गोळी बंद करावी.
वस्तुस्थिती : क्षयाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी आहे, आणि त्या भीतीने औषध सोडणंच घातक. फिट्सची किंवा दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइडची गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. मात्र ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा अंगावर फोड उठले, तर थेट रुग्णालय गाठा.

कळवताना औषधाचं नाव, ते कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत काय काय चालू होतं, काढे-चूर्णंसुद्धा, हे सांगा. बॅच क्रमांक गोळ्यांच्या पट्टीवर छापलेला असतो. म्हणून रिकामी झाली तरी ती फेकू नका.