परिचालन-पुस्तिकेतील पान आणि विधान

विमान कंपनीची परिचालन-पुस्तिका हा ग्रंथ वाचनाकरिता नसून आचरणाकरिता असतो. इंधन किती घ्यावे, वैमानिकाने किती तास विश्रांती घ्यावी, कोणते उपकरण बिघडले असताही उड्डाण करता येईल, हे त्यात लिहिलेले असते. आणि त्याप्रमाणे चालण्याचे बंधन नियामकाने कंपनीवर घातलेले असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात, तसेच युरोपीय संघाच्या २०१२ मधील ९६५ क्रमांकाच्या विनियमात, तिचे चार भाग सांगितले आहेत: सर्वसाधारण, विमानप्रकारासंबंधी, मार्ग व विमानतळ यांसंबंधी, आणि प्रशिक्षणासंबंधी.

या पुस्तिकेचे एकक दीर्घकाळ पान हेच होते. अमेरिकेच्या संघीय विमान-विनियमांतील कलम १२१.१३५ पाहावे. पुस्तिका सहज दुरुस्त करता येईल अशी असावी, आणि प्रत्येक संबंधित पानावर अखेरच्या दुरुस्तीची तारीख असावी, असे ते म्हणते. कायद्याच्याही मनात सुट्या पानांची पोथीच होती, असे म्हणण्यास हरकत नाही. जुने पान काढावे, नवे घालावे, वैध पानांच्या यादीशी ताडून पाहावे. ही पद्धत टाकाऊ खचितच नव्हती. परंतु नियम पानाविषयी बोलत नाही, विधानाविषयी बोलतो. एका नियमामुळे नऊ ठिकाणे बदलावयाची असली, तर ती कोठे आहेत हे एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून राही. आणि आठच बदलली गेली, तर एकाच ग्रंथात दोन पाठभेद नांदू लागत.

एक्सएमएल ही खुणांची भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ साली प्रमाणित केली. मजकूर कसा दिसावा हे ती सांगत नाही. तो काय आहे हे सांगते. ‘ही कृती’, ‘ही मर्यादा’, ‘हे अमुक विमानांनाच लागू’ अशा खुणा, म्हणजेच टॅग, मजकुराभोवती घातले जातात आणि प्रत्येक परिच्छेदास स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. त्या क्रमांकाशी नियमाचे कलम जोडले, की कलम बदलताच बाधित परिच्छेदांची यादी निघते. युरोपीय विमान-सुरक्षा संस्था आपले नियमही एक्सएमएल स्वरूपात उपलब्ध करून देते, त्यामुळे जोडणीचे दुसरे टोकही हाती येते.

कष्टाचे काम मात्र जुन्या मजकुराच्या रूपांतराचे. वैमानिकी लेखनात जीवितास धोका असेल तेथे ‘इशारा’, उपकरणाची हानी संभवत असेल तेथे ‘दक्षता’ आणि केवळ लक्ष वेधावयाचे असेल तेथे ‘टीप’ असा भेद असतो. जुन्या फाइलींत हे तिन्ही पुष्कळदा नुसत्या ठळक अक्षरांत आढळतात. ठळक अक्षर यंत्राला ओळखता येते, धोका ओळखता येत नाही. तक्त्याखालील तळटीप आपल्या ओळीपासून सुटली, तर मर्यादेचा अपवाद हरवतो.

किमान उपकरण सूचीचे उदाहरण यापेक्षा सुखाचे आहे. तीत बिघाड दुरुस्त करण्याच्या मुदतीचे वर्ग असतात: ‘ब’ला तीन दिवस, ‘क’ला दहा, ‘ड’ला एकशेवीस, बिघाड नोंदला तो दिवस यात धरीत नाहीत. कंपनीची सूची मूळ सूचीहून सैल असता कामा नये. वर्ग हा स्वतंत्र घटक म्हणून नोंदला, तर ‘क’च्या जागी चुकून पडलेला ‘ड’ यंत्र क्षणात दाखवते.

२०१८ च्या २९ ऑक्टोबरला लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान कोसळून १८९ जण मृत्यू पावले. ७ नोव्हेंबरला अमेरिकी नियामकाने तातडीचा आदेश काढून या विमानांची उड्डाण-पुस्तिका तीन दिवसांत सुधारण्यास सांगितले. आदेश मॅक्सपुरताच होता. ज्या कंपनीकडे जुनी ७३७ विमानेही होती, तिला कोणता परिच्छेद कोणत्या विमानास लागू, हे काटेकोरपणे वेगळे ठेवणे भागच होते. अशा वेळी टॅगांचे मोल कळते. परंतु ज्या ‘एमकॅस’ यंत्रणेशी वैमानिक झगडले, तिचे नाव त्या आदेशात नव्हते. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे तशाच प्रकारचे विमान पडले आणि १५७ जण गेले. मजकूर योग्य जागी पोहोचला की नाही हे तपासता येते. तो पुरेसा आहे की नाही, हे वाचणाऱ्यालाच विचारावे लागते.

म्हणून ज्या परिच्छेदाचा अर्थ रूपांतर करणाऱ्यास लागत नाही, तो टॅगमध्ये तसाच न कोंबता उड्डाण विभागाकडे परत धाडावा, असे आमचे मत आहे. त्यामुळे काम लांबते, आणि पानांच्या हिशेबाने मोबदला ठरलेल्या कंत्राटदारास ते रुचत नाही.