आभासी वर्ग आणि छात्राध्यापकांचे प्रशिक्षण : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात

अध्यापनाचे कौशल्य सरावाने येते. परंतु सरावातील चुकांची किंमत समोरच्या बालकांना मोजावी लागते. यावर उपाय म्हणून १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची कल्पना पुढे आली. तिच्या भारतीय प्रतिमानात अध्यापन, प्रत्याभरण, पुनर्नियोजन, पुनरध्यापन व पुन्हा प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते. त्यातील विद्यार्थी मात्र बहुधा सहाध्यायीच असतात आणि ते जरा अधिकच शहाण्यासारखे वागतात!

आभासी वर्ग ही याच कल्पनेची पुढची पायरी होय. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात विकसित झालेल्या 'टीच-लाइव्ह' प्रणालीत छात्राध्यापक पडद्यावरील मोजक्या आभासी विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. एखाद्याचे लक्ष नसते, एखादा उलट उत्तर देतो. पाठ फसला तर तोच प्रसंग पुन्हा घेता येतो. या मुलांना केवळ संगणक बोलवत नाही. पडद्यामागे बसलेली प्रशिक्षित व्यक्ती त्यांना आवाज व हालचाली देते. त्या व्यक्तीला मुले जितकी ठाऊक, तितकाच तो वर्ग खरा.

पालघर जिल्ह्यात हा मुद्दा कळीचा ठरतो. तारापूर औद्योगिक क्षेत्रात देशभरातून कामगार आल्यामुळे बोईसरच्या शाळांत निरनिराळ्या भाषांच्या घरांतील मुले शेजारी बसतात. जव्हार-विक्रमगडकडील अनेक मुलांची घरची बोली वारली किंवा कोकणा असते. असे मूल प्रश्नानंतर गप्प राहिले, तर त्याला उत्तर येत नाही की शब्द सापडत नाही? हे ओळखण्याचा सराव फ्लोरिडात घडवलेली पात्रे देणार नाहीत. त्यासाठी पडद्यामागे येथील बोली जाणणारा अनुभवी शिक्षकच हवा. महागड्या उपकरणांपेक्षा ही तरतूद अधिक महत्त्वाची आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.साठी शाळेतील २० आठवड्यांचा अनुभव ठरवून दिला. आभासी सराव त्याआधी यावा. त्यातून वजा होऊ नये. कारण आभासी वर्गात हजेरी नेहमीच पूर्ण असते. प्रत्यक्षात पावसाळा सरला की वीटभट्ट्यांकडे निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. याच जिल्ह्यातील कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला होता. मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांनी कुरणातच शाळा भरवली.